चला ना तुम्हीपण, वायंगबंदरला

जागा निवडावी तर अंबरीश सबनीसने. हे मत मुख्यतः अंबरीश सबनीसचंच होतं, पण चंदीगडात आल्यापासून त्याने ते इतक्या वेळा बोलून दाखवलं होतं की आयटी पार्कमधल्या त्याच्या ऑफिसातसुद्धा आता ते सगळ्यांचं झालं होतं. जेवायला कुठे जायचं, सहल कुठे काढायची, विचारा सबनीसला. त्यामुळे बायकोची रजा मंजूर झाली त्या संध्याकाळीच त्याने घरात जाहीर करून टाकलं, "उन्हाळ्याची सुट्टी समुद्रावर. गाव मी निवडणार. तुम्ही दोघींनी फक्त बॅगा भरायच्या."

बायको निशिगंधा हाडांची डॉक्टर, सेक्टर बत्तीसच्या सरकारी हॉस्पिटलात. हाडांच्या डॉक्टरला पंजाबात काय दिवस काढावे लागतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इथे दूध-तूप भरपूर, माणसं धिप्पाड, आणि एवढा सगळा डोलारा बिचाऱ्या दोन गुडघ्यांवर. हॉस्पिटलात गुडघे, लिफ्टमध्ये गुडघे, भाजीच्या गाडीपाशी गुडघे. बैसाखीला एका बाईंनी लंगरात, पंगतीत बसल्या बसल्या, तिला एक्स-रे दाखवला होता. निशिगंधाने डाळ वाढून घेता घेता तो उजेडाला धरून पाहिला आणि निदानही सांगितलं, कारण नाही म्हणणं तिला जमत नाही.

तिची अट एकच होती. "मला असं गाव बघ जिथे मला काळं कुत्रं ओळखत नाही. मला कुणी डॉक्टरसाब म्हणायचं नाही, कुणी सलवार वर करून गुडघा दाखवायचा नाही. नाहीतर मी खरंच कुणाला तरी चावेन."

ती हे हसत म्हणाली, पण अंबरीशला ते लागलं. कितीतरी दिवसांत तिला धड रजा मिळाली नव्हती. मध्यंतरी एकदा ती ड्यूटीवरून आली आणि खाली गाडीतच बसून राहिली. लेक स्वानंदी शोधायला गेली तर म्हणाली, वर आले तर वाटेत कुणीतरी भेटेल गं. तेव्हाच अंबरीशने मनाशी ठरवलं होतं की हिला एकदा तरी एकटं, निवांत, कुणाच्याही तावडीत न सापडणारं असं काहीतरी द्यायचं.

मग तो गावं निवडायला बसला. गोवा पहिल्या फटक्यात बाद, कारण कुठल्याही दिवशी गेलं तरी निम्मं चंदीगड तिथे असतंच. अलिबागला त्याचे आत्तेभाऊ, रत्नागिरीला तिची मावसबहीण. पुरीचं नाव काढलं असतं तर सासूबाई जगन्नाथाच्या ओढीने बॅग घेऊन दारात हजर झाल्या असत्या. असं गाळत गाळत तो सिंधुदुर्गातल्या वायंगबंदरपर्यंत पोचला. खाडीच्या तोंडाशी कौलारू घरांचं एक गाव, एक दीपगृह, एक बाजारपेठ, पलीकडे नेणारी एक होडी आणि परुळेकर नावाच्या गृहस्थांचं माडांतलं घर, ज्याच्या तीन खोल्या ते पाहुण्यांना देत.

अंबरीशने फोन केला. "गर्दी नाही ना हो मे महिन्यात?"

"हंय कोण येतला?" परुळेकर म्हणाले. त्या आवाजात इतका कंटाळा होता की अंबरीशने तिथल्या तिथे खोली ठरवली.

निशिगंधाने फोटो पाहिले. माडांमधून दिसणारं ते निळं पाणी ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इथे खरंच कुणी नाही?" "चिटपाखरू नाही," अंबरीश म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून त्याला आपल्या निवडीचा असा काही अभिमान वाटला की तो दोन दिवस छाती काढूनच चालत होता. सगळं बिघडलं ते त्यानंतर, आणि बिघडवलं ते त्यानेच.

सेक्टर बावीसच्या बाजारातून उन्हाच्या टोप्या घेऊन तो लिफ्टमध्ये शिरला, तर आत शेजारचे हरकीरत ढिल्लों. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मोठं दुकान, आवाज दुकानाहून मोठा. त्यांनी टोप्यांकडे पाहिलं.

"कित्थे दी तैयारी, सबनीस जी?"

"समंदर पे जा रहे हैं, फॅमिली के साथ."

"गर्मी में समंदर? पहाड़ सामने खड़ा है, भाईसाब." चंदीगडच्या माणसाला उन्हाळ्यात समुद्रावर जाणं म्हणजे ताप आल्यावर शेकोटीजवळ बसण्यासारखं वाटतं.

"हाँ, लेकिन शांत जगह है. वायंगबंदर, परुळेकर जी का घर," अंबरीश म्हणाला, आणि मजला येता येता, दार उघडता उघडता, सवयीने पुढे बोलला, "चलिए ना आप भी."

आता अंबरीश मूळचा कऱ्हाडचा. तिथे घरात जेवायला बसलेला माणूस दारावरून जाणाऱ्याला "या जेवायला" म्हणतो. जाणारा "चालू द्या, चालू द्या" म्हणतो आणि पुढे जातो. दोघांनाही आपण सभ्य असल्याचं समाधान मिळतं आणि भाकरी आहे तेवढीच राहते. कुणी खरंच चप्पल काढून आत आला तर घरात पळापळ होईल, पण असं कुणी येत नाही. लग्नाच्या बैठकीला निघालेला माणूससुद्धा शेजाऱ्याला "येताय का?" विचारतो. हे न विचारणं म्हणजे शिष्टपणा आणि विचारल्यावर हो म्हणणं म्हणजे वेडेपणा, इतकं ते साधं आहे.

ढिल्लों कऱ्हाडचे नव्हते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "चलते हैं."

अंबरीशला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"बीजी ने सारी उम्र समंदर नहीं देखा," ढिल्लों त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "मैं सोच ही रहा था कि किसके साथ ले जाऊँ. रब ने आपको भेज दिया. पक्का."

लिफ्टचं दार बंद झालं. ढिल्लों बाहेर, अंबरीश आत. तो तसाच वरच्या मजल्यावर गेला, तिथून खाली पार्किंगमध्ये आला, आणि कुणीतरी "उतरना है?" विचारलं तेव्हा भानावर आला. बीजी म्हणजे ढिल्लोंची आई. साऱ्या इमारतीत निशिगंधाच्या नावाचा जप सर्वांत जास्त कोण करत असेल तर त्या. डावा गुडघा सकाळी, उजवा संध्याकाळी.

घरी तो काही बोलला नाही. पंजाबी माणूस जोशात बोलतो, उद्या विसरेल, असं त्याने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी परुळेकरांचा फोन आला. आवाजातला कंटाळा पार गेला होता.

"सबनीसांनू, तुमचे उपकार कसे फेडू? उरलेल्या दोन्ही खोल्या तुमच्या ढिल्लोंसाहेबांनी घेतल्या. घर फुल्ल! म्हणाले, आपण एकाच कुटुंबातले."

अंबरीश चालू मीटिंगमधून उठला आणि पाणी प्यायला. मग त्याने डोकं चालवलं. नाही म्हणणं शक्य नव्हतं, सहा वर्षांच्या शेजाराचा प्रश्न होता. पण ढिल्लोंनीच आपणहून नाही म्हटलं तर? त्या संध्याकाळी तो त्यांच्याकडे गेला आणि वायंगबंदरची इतकी निंदा केली की परुळेकरांनी ऐकली असती तर खोल्यांना कुलूप लावलं असतं.

"एसी नहीं है, ढिल्लों साहब."

"अच्छा."

"बिजली आती-जाती रहती है. खाने में मछली-चावल, चावल-मछली. रोटी तो भूल जाइए. रास्ता खराब. और साँप भी निकलते हैं, ऐसा सुना है."

ढिल्लोंचा चेहरा गंभीर होत गेला. अंबरीशच्या मनात आशा पालवली. ढिल्लोंनी बायकोकडे पाहिलं, बीजींकडे पाहिलं आणि सद्गदित होऊन म्हणाले, "ऐसी जगह पे आप बच्ची को लेके अकेले जा रहे थे? और हमें बताया भी नहीं?"

"नहीं, मतलब..."

"अब तो हम चलेंगे ही चलेंगे. जनरेटर मैं दुकान से उठवा दूँगा, ट्रांसपोर्ट से पहले पहुँच जाएगा. तंदूर का भी देखते हैं."

"मैं अचार डाल दूँगी, पुत्तर," बीजी म्हणाल्या. "और एक्स-रे सारे साथ रख लूँगी. यहाँ डॉक्टर साब को टाइम कहाँ मिलता है. वहाँ आराम से बैठ के देखेगी."

माडाखाली, समुद्राकडे तोंड करून, बीजींचा एक्स-रे उजेडाला धरून बसलेली निशिगंधा अंबरीशला स्पष्ट दिसली. पुढच्या दोन दिवसांत वरच्या मजल्यावरच्या मिसेस बन्सल भेटल्या आणि जनरेटर येतोच आहे तर आपणही येऊ का, असं विचारू लागल्या. अंबरीशच्या तोंडून "हाँ हाँ, क्यों नहीं" कसं बाहेर पडलं ते त्यालाही कळलं नाही. जिभेलाच वळण होतं ते.

एवढं झालं तरी निशिगंधाला यातलं अक्षर माहीत नव्हतं. ती ड्यूटीवरून यायची, परुळेकरांच्या माडांचा फोटो एकदा बघायची आणि झोपायची. फोनवर पहिला फोटो आता तोच होता. ते बघून अंबरीशला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

शेवटी त्याने एक नामी युक्ती काढली, म्हणजे तेव्हा त्याला ती नामी वाटली. सगळ्यांना सांगायचं की आमचं जाणं रद्द झालं, आणि मग दुसरंच गाव निवडून गुपचूप पहाटे सटकायचं. जागा निवडण्यात आपला हात कोण धरणार! त्याने ढिल्लोंना गाठलं आणि चेहरा पाडून सांगितलं, "हमारा कैन्सल हो गया."

"क्यों? क्या हुआ?"

कारण ठरवायचं राहिलंच होतं. "बस... घर का मामला है," तो म्हणाला आणि घाईने निघून गेला.

घर का मामला. या तीन शब्दांचं त्या दुपारी इमारतीत काय झालं, ते नुसतं ऐकूनही अंगावर काटा येतो. ढिल्लोंनी अर्थ लावला की सबनीसची नोकरी गेली. आजकल आईटी में यही चल रहा है. मिसेस बन्सलनी अर्थ लावला की नवरा-बायकोचं फाटलं, कारण डॉक्टरसाब खाली गाडीत एकट्या बसलेल्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. बीजींना वाटलं की महाराष्ट्रात कुणीतरी आजारी आहे. आणि पंजाबात शेजाऱ्याच्या घरी दुःख असलं की कुणी स्वतःच्या घरात बसून राहत नाही.

संध्याकाळी निशिगंधा ड्यूटीवरून आली, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. जुत्या, सँडल, बूट, बीजींची मऊ डॉक्टरी चप्पल. इतक्या चपला घराबाहेर कधी दिसतात हे डॉक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. तिच्या हातातली पिशवी गळाली. ती धावत आत शिरली, पांढरीफटक, आणि पहिल्यांदा तिने अंबरीश जिवंत आहे का ते पाहिलं, मग स्वानंदीला दोन्ही हातांनी चाचपलं.

"कोण गं? काय झालं? कोण गेलं?"

"कोई नहीं गया, मम्मा," दहा वर्षांची स्वानंदी शांतपणे म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, पण तिचं उत्तर हिंदीतच येतं. "सब पापा को समझाने आए हैं. इनकी जॉब चली गई है और आप इनको छोड़ रही हो."

निशिगंधा सोफ्याच्या हातावर बसली. एका हातात तिला कुणीतरी लस्सीचा ग्लास दिला.

"घबराना नहीं, बेटा," ढिल्लों म्हणाले. "सबनीस जी कल से मेरी दुकान पे आ जाएँ. कंप्यूटर वहाँ भी है."

"मेरी नोकरी नहीं गई है," अंबरीश म्हणाला.

"तो फिर प्रोग्राम कैन्सल क्यों किया?" मिसेस बन्सलनी विचारलं. "हम सब तो तैयार बैठे हैं."

"हम सब?" निशिगंधा हळूच म्हणाली. तिने अंबरीशकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने असं पाहिलं नव्हतं. त्यात राग नव्हता. आपल्या फोनमधले माड कुणीतरी एकेक करून तोडतंय, असं काहीतरी होतं त्यात. अंबरीशला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण ते पाचव्या मजल्यावर राहत होते.

"भाईसाब ने खुद बुलाया था," ढिल्लों म्हणाले. "लिफ्ट में."

सगळे अंबरीशकडे बघू लागले. पळायला वाट नव्हती, तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगायचं ठरवलं, आणि तेही हिंदीत. "वो... हमारे यहाँ ऐसा कहते हैं. कहने के लिए. मतलब, बुलाते हैं, लेकिन कोई आता नहीं."

बीजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कोई आता नहीं तो बुलाते क्यों हैं, पुत्तर?"

या प्रश्नाचं उत्तर कऱ्हाडच्या कुणालाच आजवर द्यावं लागलं नव्हतं.

"एक मिनट," मिसेस ढिल्लों म्हणाल्या. "लोहड़ी पे आपने मेरे साग की तारीफ की थी. दो बार लिया था. वो भी कहने के लिए?"

"नहीं, साग तो..."

"मेरी छोटी बहन के गाने को आपने रेडियो जैसा बोला था," मिसेस बन्सल म्हणाल्या. "उसने उसके बाद क्लास लगा ली."

"और मैं जब भी उठने लगती हूँ," बीजी म्हणाल्या, "तू कहता है, बैठिए ना बीजी, इतनी जल्दी क्या है. छह साल से मैं बैठ रही हूँ."

सहा वर्षांची सभ्यता एकेक करून बाहेर यायला लागली आणि प्रत्येकाला जागेवर खुलासा हवा होता. ढिल्लोंना त्यांच्या नव्या गाडीच्या रंगाबद्दल विचारायचं होतं. अंबरीशने साग वाचवायचा प्रयत्न केला तर गाणं बुडालं, गाणं वाचवायला गेला तर गाडी. पंजाबी माणसाला धक्का बसला की तो आवाज चढवतो, हे त्याला माहीत होतं. इथे सगळे हळू आवाजात बोलत होते, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात निशिगंधा उठली. लस्सीचा ग्लास तिने टेबलावर ठेवला.

"बीजी," ती म्हणाली, "मैं बहुत थक गई हूँ. मुझे थोड़े दिन ऐसी जगह रहना है जहाँ कोई मुझे घुटना न दिखाए. आपका भी नहीं. आप लोग मुझे अच्छे लगते हो, लेकिन मैं आपके साथ नहीं जाना चाहती."

अंबरीशने डोळे मिटून घेतले. संपलं, त्याला वाटलं. आता घर बदलायचं, सेक्टर बदलायचा, जमलं तर राज्य बदलायचं. असं तोंडावर बोललेलं त्याने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"लो," बीजी म्हणाल्या. "बस इतनी सी बात?"

अंबरीशने एक डोळा उघडला.

"पहले बोल देती. थकी हुई लड़की को कौन तंग करता है?" त्या गुडघे धरून उठल्या, निशिगंधाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुलाकडे वळल्या. "तू मुझे दिवाली के बाद ले जाना. जनरेटर वापस रखवा दे."

"हो गया, बीजी," ढिल्लों म्हणाले. त्यांनी अंबरीशला कडकडून मिठी मारली. "जगह आपने ए-वन चुनी है, सबनीस जी. बस साँप वाली बात पक्की कर लेना." मिसेस बन्सलनी येताना सांत्वनासाठी आणलेली बर्फी तिथेच ठेवली. पाच मिनिटांत दाराबाहेर एक चप्पल उरली नाही. कुणाचा चेहरा पडला नव्हता की कुणाचा आवाज बदलला नव्हता. शेजारचं दार बंद होईपर्यंत मिसेस ढिल्लोंचं हसणं ऐकू येत होतं.

अंबरीश बघतच राहिला. एका नकारात सगळं मिटलं होतं. हीच गोष्ट आठवडाभर तो पोटात घेऊन फिरला होता, आणि तिला तोंडातून बाहेर पडायला एक मिनिटही लागलं नव्हतं.

"निशी," तो कौतुकाने म्हणाला, "काय बोललीस तू! मला नसतं जमलं."

"मलाही आत्ताच कळलं, जमतं ते." ती अजून दाराकडेच बघत होती. तिच्या गालांवर रंग आला होता. "किती सोपं आहे रे. नको असेल तर नको म्हणायचं. उगीच इतकी वर्षं..." ती थांबली आणि त्याच्याकडे वळली. "अंबरीश, एक विचारू? रजा मंजूर झाली त्या दिवशी मी तुला नेमकं काय म्हणाले होते, आठवतं?"

त्याला आठवलं. म्हणजे आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा नीट आठवलं. ती चप्पल काढता काढता म्हणाली होती, मी समुद्रावर जाऊन येते थोडे दिवस. मग त्याचा चेहरा पाहून तिने पुढे जोडलं होतं, चला ना तुम्ही दोघंपण.

आणि तो लगेच म्हणाला होता, गाव मी निवडणार.

अंबरीश मटकन खुर्चीत बसला. स्वानंदी बर्फीचा तुकडा तोंडात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने आधी विचारून टाकलं, "मम्मा, मैं आऊँ? सच्ची वाला बताना."

"तू ये," निशिगंधा म्हणाली. "खरंच ये. तू त्रास देत नाहीस."

स्वानंदी उड्या मारत आत बॅग भरायला गेली. खोलीत आता ती दोघंच उरली. अंबरीशने घसा साफ केला. माडांचं ते घर त्याने शोधलं होतं, खोली त्याने ठरवली होती, टोप्याही तीनच आणल्या होत्या.

"आणि मी?" त्याने विचारलं.

निशिगंधाने त्याच्याकडे पाहिलं. ती हसली, अगदी गोड, अगदी मनापासून हसल्यासारखी.

"ये ना तू पण," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला आत गेली.

अंबरीश तिथेच बसून राहिला. कऱ्हाडात वाढलेला, असली हजार आमंत्रणं दिलेला आणि घेतलेला माणूस तो, पण आता बॅग भरायची की नाही, ते काही केल्या त्याला कळेना.